तिसरा शिक्षक फार बोलतो

दुहेरी चिकटपट्टीचं भिंतीशी पिढीजात वाकडं आहे. ती बोटांना चिकटते, कात्रीच्या पात्यांना चिकटते, ओढणीला चिकटते, स्वतःच्याच दुसऱ्या टोकाला तर कडकडून मिठी मारते. भिंत समोर आली की मात्र आपण चिकटपट्टी आहोत याचाच तिला विसर पडतो. आणि एखादी चिकटलीच, तर इतक्या निष्ठेने की वर्षाच्या शेवटी तक्ता ओढताना मागून रंगाचा पापुद्रा, पापुद्र्यामागून गिलावा आणि गिलाव्यामागून मुख्याध्यापक, अशी सगळी मालिका बाहेर येते.

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्याला ही लढाई दरवर्षी नव्याने लढावी लागते. मुलं यायच्या आधी वर्ग 'तयार' हवा. तयार म्हणजे नेमकं काय, हे कुठल्या परिपत्रकात सापडायचं नाही. पण तयार नाही, हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातूनच कळतं. 'भिंती बोलक्या हव्यात' एवढं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पदविका घेताना आम्हाला बालमानसशास्त्र शिकवलं, मूल्यमापन शिकवलं. पण दमट हवेत कार्डशीट कसा वळतो आणि त्याचा कोणता कोपरा आधी सुटतो, हे कुणी शिकवलं नाही. (वरचा डावा. नेहमी वरचा डावा.)

संध्याकाळी सगळं नीट लावून, लांब उभं राहून, मान तिरकी करून बघून घरी जावं. सकाळी कुलूप काढावं तर 'बेडकाचा जीवनक्रम' जमिनीवर पालथा, त्याच्या अंगावर 'पाण्याचे चक्र', आणि 'आमचे वर्गनियम' तेवढे एका कोपऱ्यावर लोंबकळत असलेले. मग खिळे आले. आमच्या वर्गाच्या भिंती दोनच प्रकारच्या आहेत: एकीत खिळा शिरत नाही, दुसरीत थांबत नाही. शेवटी शिपाईमामांनाच माझी दया आली. म्हणाले, "बाई, खिडकीच्या गजापासून त्या कडीपर्यंत दोरी बांधा आणि कपड्यांचे चिमटे लावा. तुमचं तसंही सारखं बदलत असतं."

शैक्षणिक साहित्यावरच्या सगळ्या प्रशिक्षणांत मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला. दोरीवर तक्ता चटकन चढतो, चटकन उतरतो, आणि धडा संपला की हातात घेऊन मुलांच्या घोळक्यात बसताही येतं. पण मामांचा दुसरा सल्ला होता, "वरच बांधा. खाली असलं की पोरं फाडतात." यात फाडण्याबद्दलचं निरीक्षण अचूक होतं, म्हणून दोरी वर गेली.

मग एका दुपारी, वर्ग रिकामा असताना, मी पहिलीच्या मुलांच्या खुर्चीत बसून पाहिलं. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण 115 सेंटिमीटर. डोळे त्याच्या दहा-बारा सेंटिमीटर खाली, आणि बसल्यावर तर पार खाली. तिथून मला काय काय दिसलं? समोरच्या खुर्चीची पाठ, बाकाची कड, फळ्याची खालची चौकट, आणि मान पूर्ण मागे टाकली तर माझ्या तक्त्यांची नागमोडी कात्रीने कापलेली किनार. बेडूक दिसला नाही. पाण्याचं चक्र दिसलं नाही. पंखा मात्र फार सुंदर दिसला. दिवसभर मुलं वर का बघत असतात, हे कोडं तेव्हा सुटलं. उठले, तर खुर्चीही माझ्यासोबत उठली.

म्हणजे हा सगळा थाट सहा फुटांवरच्या डोळ्यांसाठी. दारातून डोकावणारे पालक, तपासणीला आलेले अधिकारी, फोटो काढणारे पाहुणे. कपाटाच्या काचेआड ठेवलेल्या पाहुण्यांच्या कपबश्या घरातल्यांनी कधी वापरायच्या नसतात, तसे आमचे तक्ते मुलांनी वाचायचे नसतात. ते असावेत, एवढंच.

त्यात लॅमिनेशन आलं. तक्ता टिकतो, पुसता येतो, त्यावर सांडलेलं पाणी ओघळून जातं, सगळं खरं. पण कागद फिल्मच्या कडेला कडा जुळवून कापला की आठवड्यात दोन्ही पापुद्रे सुटतात, म्हणून चारी बाजूंनी थोडी मोकळी फिल्म ठेवावी लागते. ती ठेवली की तिचे कोपरे टोचतात, म्हणून प्रत्येक कोपरा गोल कापावा लागतो. शब्दपट्ट्या, चित्रपट्ट्या, अंकपट्ट्या, प्रत्येकीचे चार कोपरे. एवढं करून तक्ता लावला, की खिडकीकडच्या रांगेला बेडूक दिसतो आणि दाराकडच्या रांगेला चकचकीत ट्यूबलाइट. दाराकडच्या एका मुलीला मी विचारलं, "इथे काय दिसतंय?" ती म्हणाली, "बाई, आपणच दिसतोय."

तक्त्यावरचं चित्र हा तर स्वतंत्र विषय आहे. 'श'खाली शहामृग. पोरगं ठामपणे म्हणतं, "क, कोंबडीचा." मोठी आहे एवढं मान्य करतं, पण कोंबडीच. 'ख'खाली खटारा, उत्तर येतं, "ग, गाडीचा." यात त्याचं काय चुकलं? त्याने चित्र वाचलं, आणि चांगलं वाचलं. खटारा काढायची हौस आमची. कोमेनियस नावाच्या शिक्षकाने 1658 मध्ये मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं, तेव्हा अक्षरांपुढे प्राणी ठेवले ते त्यांच्या आवाजासाठी. पहिल्याच अक्षरापुढे कावळा, कारण तो 'आ' करून ओरडतो. साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली. या पद्धतीत निदान शहामृगाची कोंबडी होत नाही. शहामृग नेमकं कसं ओरडतं, हे मात्र मुलांनी मला विचारू नये.

बाजूच्या वर्गाच्या बाईंचं हे सगळं बघून मन भरत नाही. त्यांच्या वर्गात चारी भिंतींवरून एक कागदी आगगाडी फिरते, तिच्या प्रत्येक डब्यात एक पाढा, छतातून ढग, ढगांतून थेंब, थेंबांवर जोडाक्षरं. दारातून आत गेलं की वाकावं लागतं. मध्येच एखादा थेंब केसांत अडकतो आणि आपण 'क्ष' घेऊन स्टाफरूममध्ये पोचतो.

इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांना आकार देणारे लोरिस मालागुझी वर्गाच्या वातावरणाला तिसरा शिक्षक मानत. आमच्याकडे दर प्रशिक्षणात हे ऐकवतात. मला ते पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. हा तिसरा शिक्षक माझ्या तासाला अखंड बडबडत असतो. मी वजाबाकी शिकवत असताना तो मुलांना शेजारच्या भिंतीवरून डायनासोर दाखवतो. आणि डायनासोरपुढे हातचा टिकणं अवघड आहे.

हे मी मनानं म्हणत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीची 24 मुलं, विज्ञानाचे सहा पाठ; काही पाठ सजवलेल्या वर्गात, काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष 38.6 टक्के वेळ भलतीकडे होतं, मोकळ्या वर्गात 28.4 टक्के. नंतरच्या चाचणीत सजवलेल्या वर्गातले पाठ शिकल्यावर 42 टक्के उत्तरं बरोबर आली, मोकळ्या वर्गातल्या पाठांवर 55 टक्के. मी हे आकडे बाजूच्या बाईंना वाचून दाखवले. त्या आगगाडीला डबा जोडत होत्या. म्हणाल्या, "अहो, मोकळ्या वर्गातसुद्धा 28 टक्के लक्ष नव्हतंच ना? मग निदान बघायला काहीतरी चांगलं असू दे की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण दुसरा अभ्यास होता. इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाने 2015 मध्ये 27 प्राथमिक शाळांच्या 153 वर्गांचा अहवाल दिला. वर्षभरातल्या मुलांच्या प्रगतीत जो फरक पडतो, त्यातला 16 टक्के वर्गाच्या भौतिक रचनेशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. अगदी ओकीबोकी भिंतही त्यांना नको होती आणि कागदांनी बुजलेलीही नको; भिंतींचा 20 ते 50 टक्के भाग मोकळा ठेवा, असं त्यांचं म्हणणं. मला हे फारच पटलं, कारण त्यात काम कमी होतं. मी मागच्या भिंतीचा मोठा पट्टा रिकामा सोडला.

मुख्याध्यापक आले. पट्ट्यासमोर थांबले.

"इथे काय येणार आहे?"

"काही नाही, सर."

"हो, पण आत्ता नाही. नंतर काय येणार?"

"नंतरही काही नाही, सर. मोकळी जागा आहे ती. मुद्दाम."

सरांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात विचारलं, "कागद संपलेत का?"

दुसऱ्या दिवशी टेबलावर कार्डशीटचा गठ्ठा होता. त्यातला एक काढून मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'ही जागा मोकळी आहे', आणि मधोमध लावला. सरांचं समाधान झालं. वर्गातल्या मुलांनी आपण होऊन वाचलेला हा वर्षातला पहिला तक्ता. वाचून त्यांनी त्याच्याभोवती खडूने आगगाडी काढली.

हाताने उचलायच्या साहित्याची गत निराळी. ते मुलं वापरतात. कशासाठी, ते विचारू नये. दशक शिकवायला काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधले, वर रबर. रबरांचा काय उपयोग झाला हे शेजारच्या रांगेतल्या मानांना विचारावं. पण एक मुलगा रोज जुडगा सोडतो, दहा काड्या मोजतो आणि पुन्हा बांधतो. मी म्हटलं, "अरे, हा दशक आहे. मोजायचा नसतो, दहा म्हणून धरायचा." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच्याकडून व्याजाने पैसे मागितलेत. "काल या जुडग्यात नऊ होत्या," तो म्हणाला. मी मोजल्या. आजही नऊच होत्या. दहावी काडी कुणाच्या तरी दप्तरात पेन्सिलच्या हुद्द्यावर होती.

पुठ्ठ्याचं घड्याळ तर करूच नये. हौसेने पांढऱ्या कार्डशीटवर बारा आकडे, मधे टाचणी, दोन काटे. खऱ्या घड्याळात मिनिटकाटा फिरला की तासकाटा आपोआप सरकतो. पुठ्ठ्याच्या घड्याळात दोघांचं एकमेकांशी बोलणं नसतं. मी साडेतीन दाखवले, तर तासकाटा तीनवरच ठाण मांडून. मग तो बोटाने तीन आणि चारच्या मधे ढकलायचा, तेवढ्यात मिनिटकाटा घसरायचा. पुढे पुढे टाचणीचं भोक मोठं झालं आणि दोन्ही काटे थकून खाली आले. तेव्हापासून आमच्या वर्गात कायम साडेसहा वाजलेले असतात. शाळा सुटायची वेळ कधीच टळून गेली, असं मुलांचं म्हणणं असतं, आणि पुराव्यादाखल ती भिंतीकडे बोट दाखवतात.

मारिया मॉंटेसरींचा गुलाबी मनोरा ठाऊक असेल. दहा घन ठोकळे, सर्वांत मोठा 10 सेंटिमीटरचा, सर्वांत छोटा 1 सेंटिमीटरचा. लहान-मोठं हाताला समजावं, म्हणून. रोममध्ये 6 जानेवारी 1907 ला त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. साधन इतकं विचारपूर्वक केलेलं आहे की त्याच्यात खोट काढवत नाही. मला फक्त एवढंच विचारावंसं वाटतं, की तो 1 सेंटिमीटरचा ठोकळा त्यांच्याकडे तरी टिकायचा का? आमचा दरवर्षी जातो. केर काढताना शोधतो, दप्तरं झटकतो, एकेकाच्या नाकपुड्या उजेडात धरून बघतो. तो सापडतो तेव्हा नव्याने मागवलेला आलेला असतो, आणि मग मनोऱ्याला दोन शेंडे.

भिंतीवर खऱ्या अर्थाने चालतंय असं एकच आहे: हजेरीचा तक्ता. गुडघ्याच्या जरा वर, 'हजर' आणि 'गैरहजर' असे दोन खण, आणि प्रत्येकाच्या नावाचं कार्ड. आलं की आपलं कार्ड उचलून हजरमध्ये टाकायचं. त्यावर एकही चित्र नाही, किनार नाही, लॅमिनेशन नाही. काही आठवड्यांत सगळी मुलं सगळ्यांची नावं वाचायला लागली. अक्षरतक्त्यावरच्या शहामृगाला जे जमलं नाही, ते मित्राच्या नावाने केलं. गैरप्रकारही होतात. तापाने घरी असलेल्या मित्राचं कार्ड कुणीतरी गुपचूप हजरमध्ये सरकवतं. विचारलं तर, "बाई, त्याला वाईट वाटेल."

पुढे मुलांना माझंही कार्ड हवंसं झालं. त्यांनीच बनवलं, 'बाइ' असं ऱ्हस्व लिहून. मी वर्गात आले की एक जण उठून मला हजर करतो. हा मान त्यांनी आपसांत वाटून घेतला आहे आणि त्यावरून हाणामारीही होते. परवा मी खडू आणायला ऑफिसात गेले, परत आले तर वर्गात मुख्याध्यापक उभे, तक्त्यासमोर वाकलेले. पहिल्या रांगेतला एक जण त्यांना अगदी समजावून सांगत होता, "सर, आज बाई गैरहजर आहेत. हे बघा, इथे लिहिलंय."