लहान, एकाकी दीर्घिकांतही कृष्णविवरे जागी असतात

‘महाकाय कृष्णविवर फक्त मोठ्या दीर्घिकेत असते, ते जागे होण्यासाठी दीर्घिकांची टक्कर व्हावी लागते आणि लहान, एकाकी दीर्घिकेच्या केंद्रातला लखलखाट ताऱ्यांचाच असतो,’ असे सांगणारा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. निरीक्षणांपुढे त्यातले एकही विधान टिकत नाही.

आकाराचा मुद्दा आधी घेऊ. खगोलशास्त्रज्ञ एमी राइन्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुमारे २५ हजार खुज्या, म्हणजे लहान दीर्घिकांचे वर्णपट तपासले, तेव्हा १५१ ठिकाणी सक्रिय, म्हणजे वायू गिळत असलेल्या, कृष्णविवराच्या खुणा आढळल्या. प्रमाण अल्प आहे, पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे. उलट, या दीर्घिकांहून मोठ्या असलेल्या, शेजारच्या एम ३३ या दीर्घिकेच्या केंद्रात दीड हजार सूर्यांहून जड विवर असण्यास मोजमापे वाव देत नाहीत; म्हणजे केवळ आकारावरून विवर ठरत नाही.

टक्करीचे म्हणणे वरवर पटण्याजोगे आहे. मोठ्या टक्करीतून दीर्घिकेच्या मध्यभागी ताऱ्यांचा फुगवटा तयार होतो, म्हणजे फुगवटा ही अशा टक्करीची खूण. मात्र सुमारे १.४ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ४३९५ या दीर्घिकेत असा फुगवटा जवळपास नाहीच, आणि तरीही तिचे केंद्र सक्रिय आहे. शिवाय, एक लाख सूर्यांएवढे विवर पूर्ण क्षमतेने गिळू लागले तरी एका सूर्याएवढा वायू संपवायला त्याला साधारण साडेचारशे वर्षे लागतील. एवढ्याशा खुराकासाठी शेजाऱ्याने येऊन धडकायची गरज काय?

ताऱ्यांच्या लखलखाटाचा दावा तर याच दीर्घिकेने निकालात काढला आहे. तिथे केंद्रातील तेज वाढले की भोवतीच्या हायड्रोजनची वर्णपटातली रेषा सुमारे ८० मिनिटांनी उजळते, हे २०१९ मध्ये मोजले गेले. ८० मिनिटांत प्रकाश सूर्यापासून शनीपर्यंत पोहोचतो. इतक्या लहान जागेत लाखो ताऱ्यांचा पुंजका मावत नाही आणि ते सारे तारे एका तालात कमीजास्तही होत नाहीत.

फसगत होतच नाही, असे मात्र नाही. जिथे नवे तारे धडाक्याने जन्मत असतात तिथे ताऱ्यांच्या स्फोटांचे अवशेष आणि क्ष-किरणी जोडतारे (क्ष-किरण सोडणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या) सक्रिय विवराची हुबेहूब नक्कल करू शकतात. हेनिझ २-१० या खुज्या दीर्घिकेबद्दल २०११ पासून वाद रंगला तो याचमुळे. २०२२ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांत, केंद्रातून निघालेला वायूचा झोत सुमारे २३० प्रकाशवर्षांवरील तारकाजन्माच्या प्रदेशापर्यंत पोहोचून तिथे नव्या ताऱ्यांना चालना देत असल्याचे दिसले, आणि विवराची बाजू बळकट झाली.