रॉजर म्हणजे ऐकलं, एवढंच

भाचा वैमानिक होणार म्हणून वेंगुर्ल्यात पेढे मी वाटले. त्यामुळे रेडिओच्या परवान्याच्या तोंडी परीक्षेचा सराव करून घ्यायलाही मीच सापडलो.

पडवीत हापूसचं रिकामं खोकं. त्यावर त्याने स्केचपेनाने रेडिओ काढला : डाव्या खिडकीत चालू फ्रिक्वेन्सी, उजव्या खिडकीत तयारीतली, मध्ये अदलाबदलीचं बटण. नवा आकडा आधी उजवीकडे लावायचा, मग बटण दाबायचं. मला वैमानिक केलं की मी आकडा झोकात लावी आणि बटण विसरे. विमान चिपीच्या विमानतळावर उतरायला आलेलं, मी अजून मुंबईशी गप्पा मारतोय.

आकडे 118 ते 137 मेगाहर्ट्झमधले, एकेक अंक सुटा बोलायचा. त्यात 121.5 फक्त संकटासाठी. घोटाळा नको म्हणून नाइनचं 'नाइनर', फाइव्हचं 'फाइफ', थ्रीचं 'ट्री'. आई आतून म्हणाली, "दात पडले काय रे मेल्या तुझे?"

दोघांनी एकदम बोलायचं बटण दाबलं, तर दोघांचंही कळत नाही, नुसती शिट्टी वाजते. आमच्याकडे जेवताना पाच जण एकदम बोलतात आणि आईला पाचही कळतात. असो, तिला परवाना कोण देणार!

मला आवडला तो 'रॉजर'. त्याचा अर्थ तुमचं बोलणं पोचलं, एवढाच. करीनही म्हणायचं असेल, तर 'विल्को'. बायको म्हणाली, "अहो, चतुर्थी आली, गणपतीवर टांगायची माटवी माळ्यावरून काढा." मी म्हटलं, "रॉजर." दोन दिवसांनी तिने विचारलं, तेव्हा तिला हा फरक समजावून सांगितला. ती काही बोलली नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

मग भाच्याने जत्रेतले खेळण्यातले दोन वॉकीटॉकी काढले. एक माझ्या हातात, दुसरा स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर. सराव संपला, पण माझं बटण दाबलेलंच अडकलं. खऱ्या विमानात असं झालं, तर सगळी फ्रिक्वेन्सी अडून बसते आणि ज्याचं बटण अडकलंय, त्याला कुणी ओरडून सांगितलेलंही ऐकू येत नाही. मी निवांत भाच्याला सांगत होतो, "तुझ्या मामीच्या आमटीत तिरफळं जास्त, बांगडा कमी. मी बोलत नाही, एवढंच."

दुपारी पानं मांडली. महत्त्वाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते, हा नियम बायकोने कधी ऐकला कोण जाणे. माझ्या पानात तिने नुसता रस्सा वाढला, वर चार तिरफळं, आणि भाच्याकडे बघत म्हणाली, "तिरफळं जास्त, बांगडा कमी. बरोबर?"

भाच्याने मान खाली घातली. "रीडबॅक करेक्ट, मामी."