‘भिंतीवर रेघोट्या आणि करोडो रुपये’वाला फॉरवर्ड

कोथरूडपासून हडपसरपर्यंत सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या तो सोल लेविटचा मेसेज फिरतोय. स्वतः एक रेघही न मारणारा अमेरिकन कलाकार, कामगारांकडून भिंतीवर रेघोट्या मारून घेतो, प्रदर्शन संपलं की वर चुना फासतात, आणि श्रीमंत लोक कागदाच्या चिटोऱ्याला पैसे देतात, आमचा पाचवीतला बंड्या यापेक्षा बरं काढतो वगैरे. खाली पंधरा हसऱ्या इमोजी.

एक रेघही मारली नाही हे चूकच. १९६८ साली न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत त्याने पहिलं भिंतीवरचं ड्रॉइंग केलं ते स्वतःच्या हाताने, पेन्सिलने. नंतर तो लेखी सूचना देऊ लागला आणि काढायचं काम दुसऱ्यांवर सोडलं, हे खरंय, पण त्यात लपवाछपवी कुठाय? १९६७ च्या लेखातच त्याने सरळ लिहिलं होतं की कल्पना हेच कला घडवणारं यंत्र. आणि हा माणूस त्याआधी आर्किटेक्ट आय. एम. पेई यांच्या ऑफिसात ग्राफिक डिझायनर होता. पेईंनी स्वतः विटा रचल्या नाहीत म्हणून त्यांच्या इमारतींना कोणी फसवणूक म्हणत नाही.

आता बंड्या. त्याला हॉलची एक भिंत द्या आणि ४६ नंबरच्या ड्रॉइंगची सूचना वाचून दाखवा: उभ्या रेषा, सरळ नकोत, एकमेकींना टेकायला नकोत, सगळी भिंत सारखी भरली पाहिजे. बस्स एवढंच. पहिली वीतभर जागा मस्त जाईल, मग हात भरून येतो, पेन्सिल बोथट होते, रेषा एकीकडे दाट नि दुसरीकडे विरळ व्हायला लागतात आणि टेकू द्यायची नाही म्हटल्यावर तर दर रेघेला शेजारणीकडे बघावं लागतं. मॅसॅच्युसेट्सच्या मास मोका म्युझियममध्ये त्याची १०५ ड्रॉइंग्ज काढायला साठेक जणांना सहा महिने लागले, तेही २००८ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर वर्षभराने. ती २०४३ पर्यंत राहणार आहेत, तेव्हा चुन्याची घाई नको. आणि चुना फासला तरी काय, सूचना आणि ड्रॉइंग खरं असल्याचं सर्टिफिकेट (हाच तो कागदाचा चिटोरा) शिल्लक असतं, दुसऱ्या भिंतीवर पुन्हा काढता येतं.

‘यात भावना शून्य’ असंही त्यात आहे. हेच ४६ नंबरचं १९७० चं ड्रॉइंग त्याने त्याची मैत्रीण, शिल्पकार इव्हा हेस हिला अर्पण केलंय, ती त्याच मे महिन्यात वयाच्या ३४ व्या वर्षी गेली. तोपर्यंत त्याच्या भिंतींवर सगळ्या रेषा सरळ असायच्या. वाकडी रेघ हा तिच्या कामाचा गुण, तो त्याने तिच्यासाठी पहिल्यांदा आपल्या रेषेत घेतला. (त्याची ती पांढऱ्या क्यूबची शिल्पं मात्र मलाही बोअर होतात, ते सोडा.)

राहता राहिले पैसे. लिलावातल्या किमती डोकं फिरवणाऱ्या आहेत, मान्य. पण ते पहिलं ड्रॉइंग ज्या प्रदर्शनात होतं ते व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निधी जमवायला भरवलेलं, आणि १९७६ मध्ये कलासमीक्षक लुसी लिपार्ड वगैरेंबरोबर त्याने प्रिंटेड मॅटर नावाची संस्था सुरू केली ती कलावंतांची पुस्तकं कोणालाही परवडतील अशा दरात विकायला. फॉरवर्ड करणाऱ्या काकांनी हेही जरा ग्रुपवर टाकावं.