मुलांची सायकल ‘एक नंबर मोठी’ घेऊ नका

सुट्टी लागली की सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो : ‘वयाचा तक्ता बघून त्यापेक्षा एक नंबर मोठी सायकल घ्या, मूल भराभर वाढतं. सीट खाली घेतली आणि साइड व्हील लावली की काळजी नाही. आपण नाही का मोठ्या सायकलवर कैची मारत शिकलो?’ पैसे वाचवायचा हेतू मला कळतो, पण हे ऐकून मी फसलोय.

आधी वयाचा तक्ता. पहिलीच्या वर्गाची रांग बघा, एकाच वयाच्या मुलांत वीतभर फरक दिसेल. मोजायचे ते पाय. मुलाला बूट घालून भिंतीला टेकवून उभं करा, जाड पुठ्ठ्याची वही दोन पायांच्या मधून वर जांघेला टेकेपर्यंत सरकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने घ्या. शिकणाऱ्या मुलासाठी सीटची सगळ्यात खालची उंची या मापाहून जास्त नको, म्हणजे दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. शिवाय 16, 20 हे आकडे चाकाचे असतात. दोन कंपन्यांच्या 16 इंचीत सीटची उंची वेगळी निघते, म्हणून टेप दुकानात न्या.

आता ‘एक नंबर मोठी’. लेक सहा वर्षांची असताना मी दुकानदाराचं ऐकून 20 इंची घेतली. तिचं माप 50 सेंटिमीटर, सीट तळाला नेली तरी 60. बिल्डिंगच्या आवारात ती बसली की एका पायाचा अंगठा कसाबसा टेकायचा, कंबर त्या बाजूला कलायची. थांबायची वेळ आली की पाय शोधायचा जमीन, हँडल जायचं भलतीकडे. तिसऱ्या दिवशी पार्किंगच्या उतारावर ब्रेकपर्यंत बोटंच पोचली नाहीत. ती भिंतीला धडकली, हनुवटी फुटली. पुढे आठ महिने सायकलचं नाव काढलं नाही तिने. लोखंडी 20 इंची बारा किलोच्या आसपास भरते आणि ती जेमतेम वीस किलोची होती. हे गणित मी आधी करायला हवं होतं.

सीट खाली घेतल्याने सीटच खाली येते. मधली नळी, पेडल, हँडल जिथल्या तिथेच राहतात. (ब्रेकच्या मुठीजवळ बहुतेक वेळा एक छोटा स्क्रू असतो, तो पिळला की लिव्हर बोटांजवळ येतो. योग्य मापाच्या सायकलवरही हे करून घ्या, पावसात रिम ओल्या झाल्या की ब्रेक जास्त दाबावा लागतो.)

साइड व्हीलचं तर उलटंच आहे. सायकल वळते ती कलून, आणि साइड व्हील तिला कलूच देत नाही. मूल तीनचाकीसारखं हँडल फिरवायला शिकतं, ते नंतर विसरवावं लागतं. त्यापेक्षा दोन्ही पेडल काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मग मुलाला पायांनी ढकलत, घसरत जाऊ द्या. लेक अशीच शिकली, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला, रविवारी सकाळी, उसन्या 16 इंचीवर. चौथ्या रविवारी पेडल परत लावले.

राहिली कैची. वडिलांची ती 22 इंची सायकल, आणि तो आकडा फ्रेमचा, चाक 28 इंची. घरात तेवढी एकच होती म्हणून आपण नळीखालून पाय घातला. आणि समोर मोकळं मैदान होतं, दोन्हीकडे उभ्या गाड्या नव्हत्या.

पैशांचं म्हणाल तर मापाची सायकल, सीट वर घेत घेत, दोनेक वर्षं सहज जाते. सीटच्या दांड्यावर खूण असते, ती बाहेर दिसेल इतकी सीट वर घ्यायची नाही. ती उसनी 16 इंची सध्या तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा चालवतोय, आणि आमची 20 इंची आता कुठे लेकीच्या मापाची झालीय.