‘पोट्ट्यांच्या पर्यावरणा’वर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

ऊन तापायला लागलं की आणि गणपती जवळ आले की नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आजकालची पोट्टी पर्यावरणाच्या नावाखाली फोटो काढतात. तासभर दिवे मालवून काही होत नसतं. यांच्या हरकतींमुळे शहराची कामं अडतात. ऊन तर नागपुरात आजोबांच्या काळापासून आहे. स्वतः एसीत बसतात आणि लोकांना शिकवतात. तेव्हा यांनी आधी अभ्यास करावा, नोकरी धरावी, मग बोलावं. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची चांगली माणसं आहेत. अंगणात कडुलिंब जगवणारी, पाणी जपून वापरणारी. त्यांच्या हातून हे शहरभर पसरतं म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

‘फोटोपुरतं काम’

फुटाळा तलावावर विसर्जनाच्या दिवशी एकदा संध्याकाळभर उभं राहून पाहा. कॉलेजची मुलं-मुली, अंगात संस्थेचे टी-शर्ट, हातात निर्माल्याची पोती. ग्रीन व्हिजिल फाउंडेशनचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं हे करत आले आहेत. एखादं कुटुंब मूर्ती घेऊन गाडीतून उतरतं, आजी म्हणतात, आमच्याकडे तलावातच विसर्जन करतात. तिथे एकोणीस-वीस वर्षांची मुलगी हात जोडून सांगते, ‘आजी, आरती इथंच करा, मूर्ती आपण टाक्यात सोडू, मी स्वतः धरते.’ दहातले काही ऐकतात, काही रागावतात, काही देवाधर्माच्या गोष्टी काढतात. मुलगी पुन्हा पुढच्या गाडीकडे वळते. रात्री उशिरापर्यंत हेच चालतं, आणि त्यातल्या बहुतेक तासांचा फोटो कुणी काढत नाही.

हे काम का करावं लागतं तेही सांगायला हवं. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही. तळाशी त्याचा थर बसतो. रंगांमधले जड धातू पाण्यात उतरतात, आणि निर्माल्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये काढली आणि २०२० मध्ये ती सुधारली. कागदावर नियम आले, पण तलावाच्या काठावर ते माणसांना समजावून सांगायला कुणीतरी उभं राहावं लागतं. आज शहरात घरच्या गणपतीसाठी टाकं शोधणं ही बऱ्याच कुटुंबांची सवय झाली आहे. महापालिकेने टाकी ठेवली हे खरंच, पण त्या टाक्यांपर्यंत माणसं वळवण्यात या मुलांचा घसा बसला आहे.

एका बाबतीत मजकुरातला राग मला समजतो. रोपट्याभोवती दहा जण उभे राहून फोटो काढतात आणि मे महिन्यात ते रोपटं वाळलेलं असतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण ही पद्धत पोरांनी आणली का? राज्य सरकारने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. शाळा-कॉलेजांची मुलं रांगेने नेली गेली. लक्ष्य मोठ्यांनी ठरवलं, खड्डे मोठ्यांनी मोजले, उन्हाळ्यातल्या पाण्याची सोय मोठ्यांच्या हाती होती. त्याचा दोष मुलांच्या पदरात टाकणं अन्यायाचं आहे.

‘तासभर दिवे मालवून काय होणार?’

नागपुरात पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ अनावश्यक दिवे बंद ठेवण्याचा उपक्रम २०१४ पासून चालू आहे, महापालिका आणि ग्रीन व्हिजिल मिळून. मुलं बाजारात दुकानांच्या पायऱ्या चढतात, ‘भाऊ, फलकाचा दिवा तासभर बंद ठेवता का’ म्हणून विचारतात. तासाभरात वाचणारी वीज कोळशाच्या एकूण हिशेबात फार थोडी आहे, हे मीही मान्य करतो.

पण ही वीज कुठून येते हे नागपूरकराला विसरता येत नाही, कारण ती शेजारूनच येते. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत, पलीकडे खापरखेडा. दोन्ही कोळशावर चालतात. कोळसा जळला की राख उरते, आणि ती राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. जुलै २०२२ मध्ये जोरदार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला. राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत आणि तिथून नद्यांमध्ये शिरलं. कन्हान नदीचं पाणी नागपूरकर पितात. म्हणजे आपण घरात लावलेल्या दिव्याची राख आपल्याच पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर येऊन पडते. दिवा बंद ठेवायला सांगताना मुलगा दुकानदाराला ही साखळी समजावतो. मला त्या उपक्रमातली ही दहा मिनिटं महत्त्वाची वाटतात. याच कोराडीला ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. अशा सुनावणीत जे शहर बोलतं ते आधी कुठेतरी विचार करायला शिकलेलं असावं लागतं.

‘यांच्यामुळे विकास अडतो’

या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबणार आहे. मजकुरातला सगळ्यांत जास्त पटणारा आणि सगळ्यांत चुकीचा मुद्दा हाच आहे.

अजनीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. अजनी रेल्वे कॉलनीच्या जागेवर इंटर मोडल स्टेशन उभारायचं ठरलं. रेल्वे, बस, मेट्रो एका ठिकाणी, अशी कल्पना. त्यासाठी कॉलनीतली हजारो जुनी झाडं तोडावी लागणार होती. २०२०-२१ च्या सुमाराला ‘अजनी वन वाचवा’ म्हणत तरुण रस्त्यावर आले, त्यांच्यासोबत ज्येष्ठही आले. त्यांनी घोषणा दिल्या हे सगळ्यांना आठवतं. त्यांनी झाडं मोजली, जाती लिहून काढल्या, पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या, महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी हरकती नेऊन दिल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. तो प्रकल्प त्या जागेवर त्या आराखड्याने उभा राहिला नाही.

आता विकास अडला का? डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर आणि अजनी, दोन्ही रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. नागपूरसाठी सुमारे ५९० कोटी, अजनीसाठी सुमारे ३६० कोटी. हजारो झाडांवर कुऱ्हाड चालवणारा आराखडा बाजूला पडला तरी अजनी स्टेशन सुधारायची वाट बंद झाली नाही. हरकत घेतल्याने पर्याय शोधावे लागतात, आणि कधी कधी ते सापडतात.

शिवाय हरकत घेणं ही आगळीक नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायची परवानगी मागितली की जाहीर नोटीस द्यावी लागते आणि नागरिकांना हरकत नोंदवता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं आणि असं झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. विधिमंडळाने केलेल्या कायद्याने दिलेला हक्क वीस वर्षांची मुलगी वापरते आणि आपण तिला विकासविरोधी म्हणतो. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते. आपल्यापैकी कितीजण ती वाचतात?

२०२० मध्ये केंद्राने पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नियमांचा नवा मसुदा आणला, तेव्हाही असंच झालं. टाळेबंदीचा काळ होता. मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने तो घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत देण्यास सांगितलं, कारण ज्याच्या गावात खाण येणार त्याला वाचताच आलं नाही तर हरकत कशी घेणार? देशभरातून लाखो हरकती गेल्या, त्या लिहिण्यात आणि गावोगाव समजावण्यात विद्यार्थी पुढे होते. तो मसुदा त्या रूपात अंतिम झालाच नाही.

आणि विकास न अडवल्याचा हिशेबही मांडायला हवा. २२ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. १८७० मधला अंबाझरी तलाव भरून वाहिला. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, पुढे सीताबर्डीपर्यंत पाणी. मोरभवनच्या बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसं दगावली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना बोटीतून काढावं लागलं. नंतर रहिवासी न्यायालयात गेले आणि तेव्हा सांडव्यासमोरचं बांधकाम, नाग नदीचं आवळलेलं पात्र, नाल्यांवरचे स्लॅब यांची चर्चा सुरू झाली. यातलं प्रत्येक काम कधीतरी ‘विकास’ म्हणूनच झालं होतं. त्या त्या वेळी कुणीतरी नकाशा हातात घेऊन ‘पाणी कुठून जाईल’ असं विचारायला हवं होतं, आणि त्याला ऐकून घ्यायला हवं होतं. आजची मुलं तोच प्रश्न विचारतात. नाग नदीच्या प्रदूषण निवारणासाठी आता १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. नदी नासवायचा खर्च कुणी कधी मोजला नाही, तो आता असा वसूल होतो आहे.

‘ऊन काय आजचं आहे?’

नागपूरचा उन्हाळा जुना आहे, यात वाद नाही. मजकुरात २३ मे २०१३ चा ४७.९ अंशांचा आकडा देऊन विचारलेलं असतं की तेव्हा कोण बोंबललं होतं? पण एका दिवसाच्या उच्चांकावरून हवामानाबद्दल काही ठरत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांची सरासरी पाहतात. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी तापलेलं, आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं.

आकड्यांबद्दल मुलांनाही एक गोष्ट सांगायची आहे. ३० मे २०२४ ला नागपूरचं तापमान ५६ अंश झाल्याचं सगळीकडे फिरलं. हवामान विभागाने तपासलं तेव्हा तो स्वयंचलित केंद्राच्या सेन्सरचा बिघाड निघाला. आपली बाजू खरी असली तरी असा आकडा पुढे ढकलू नये. त्याने रस्त्यावर गिट्टी टाकणाऱ्या मजुराचं, भाजीच्या हातगाडीवाल्याचं, पत्र्याच्या घरात बाळंतीण झालेल्या बाईचं दुखणं खोटं ठरवायला लोकांना निमित्त मिळतं. त्यांना ४४ अंशही पुरेसे आहेत. त्यात सिमेंटचे रस्ते रात्रभर धग सोडतात आणि सावली देणारं झाड चौपदरीकरणात गेलेलं असतं.

‘स्वतः एसीत बसतात’

बसत असतील. विजेचं उत्पादन कोळशावर चालवायचं की उन्हावर, शहरात बस पुरेशा ठेवायच्या की उड्डाणपूल, हे या मुलांनी ठरवलेलं नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना अजून मतदानाचा हक्कही नव्हता तेव्हा ते ठरलं. ज्या व्यवस्थेत जन्मलो ती वापरतच तिच्यात बदल मागावा लागतो. आणि खरं सांगायचं तर नंदनवन, हसनबाग, पारडीकडून येणाऱ्या कित्येक स्वयंसेवकांच्या घरी कूलरच आहे.

‘आधी अभ्यास करा’

अभ्यासच तर करतात. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास समाजकार्याचे असतात, ती योजना १९६९ पासून आपल्याच विद्यापीठांत आहे. याच शहरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, १९५८ पासून पाणी आणि हवेवर संशोधन करणारी. मुलांनी पाण्याचे नमुने घ्यावेत, अहवाल वाचावेत, माहिती अधिकारात अर्ज करावेत, याहून चांगला अभ्यास मला सुचत नाही.

आणि विद्यार्थ्यांचं काम कुठवर जाऊ शकतं याचा दाखला दूरच्या प्रशांत महासागरातून मिळतो. २०१९ मध्ये तिथल्या साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानबदलाबाबत देशांची जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारायचं. वानुआतू या छोट्या बेटदेशाने तो विषय उचलला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव एकमताने मंजूर केला. २३ जुलै २०२५ ला हेगच्या या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईचा प्रश्न उभा राहू शकतो. नोकरी धरून मग बोलायचं त्यांनी ठरवलं असतं तर वानुआतूने उचलायला तो विषय तयारच झाला नसता.

मजकूर पुढे पाठवणाऱ्या काका-काकूंना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी तुमच्या भागातली झाडं तोडण्याची जाहीर नोटीस दिसली की मुलांना एकटं पाठवू नका. नोटीस नीट वाचा, मुदत बघा, जागेवर जाऊन झाडांवरचे क्रमांक टिपून घ्या. कोणतं झाड, का वाचवावं, रस्ता कसा वळवता येईल, हे साध्या मराठीत एका पानावर लिहा. खाली नाव, पत्ता, सही करा. अर्ज उद्यान विभागात स्वतः नेऊन द्या आणि प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.