सात किलो कपडे आणि चार फुटांवरचा कडप्पा

घर घेताना आम्ही एवढा विचार केला नव्हता. खरंच सांगते, पुण्यात धायरीच्या पुढचा हा वन बीएचके आम्ही दोन फेऱ्यांत फायनल केला आणि 20 वर्षांच्या कर्जाच्या कागदांवर पाऊण तासात सह्या ठोकल्या, त्यातल्या निम्म्या पानांवर काय लिहिलंय ते मला आजही माहीत नाही. पण वॉशिंग मशीन घ्यायला आम्हाला साडेसात आठवडे लागले.

सुरुवात मावशींच्या खांद्यापासून झाली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, भांडी-फरशी करते, पण धुणं नाय जमायचं, खांदा गेलाय. मग पहिला महिना मी आणि नवरा आळीपाळीने बाथरूममध्ये उकिडवे बसून कपडे घासत होतो, म्हणजे माझी आळी आणि माझीच पाळी. तिसऱ्या रविवारी जीन्स पिळताना माझी कंबर धरली तेव्हा ठरलं की मशीन घ्यायचं. नवरा म्हणाला, कुठलंही घे, फक्त धुऊन झालं की गाणं वाजणारं घे. ह्या सगळ्या प्रकरणात त्याची एवढीच अट होती आणि ती पूर्ण झाली हे आधीच सांगून ठेवते.

बाबांना फोन केला तर ते एकच वाक्य बोलले. "टिकेल ना?"

बाबांचा टिकण्याचा मापदंड म्हणजे आमच्या सांगलीच्या घरचं सेमी-ऑटोमॅटिक. 2004 साली घेतलेलं आणि अजून चालू आहे हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यात खोटं काही नाही, फक्त आईने ते मशीन एवढ्या वर्षांत पन्नासएक वेळा लावलं असेल. तिच्या मते मशीनमध्ये कॉलरचा मळ निघत नाही, पाणी जास्त जातं आणि कपडे झिजतात. त्यामुळे ते फुलाफुलांचं कव्हर घालून मागच्या पडवीत उभं आहे, त्याच्यावर इस्त्री, रद्दीचा गठ्ठा आणि गणपतीच्या मखराचं खोकं. इतकं टिकाऊ मशीन मीही दुसरं पाहिलेलं नाही.

तर आमचा शोध सुरू झाला. आधी वाटलं सोपं असेल. वरून उघडणारं, पुढून उघडणारं आणि ते दोन खड्ड्यांचं, बस. सेमी साधारण दहा-बारा हजारांत, टॉप लोड सोळा-सतरापासून वर आणि फ्रंट लोड घ्यायचं तर तिशीच्या आसपास, आमचं बजेट वीस. पण नंतर कळलं की प्रत्येक प्रकाराच्या पोटात आणखी प्रकार आहेत, आणि दुकानातला मुलगा तुम्ही वीस म्हणालात की बत्तीसपासून दाखवायला सुरुवात करतो.

"मॅडम, ह्याच्यात एआय आहे."

"काय करतो तो?"

"कपडे ओळखतो."

मी त्याला विचारलं की खुर्चीवर टाकलेल्या कपड्यांतले धुतलेले कुठले आणि एकदा घालून परत टाकलेले कुठले हे ओळखतो का, कारण आमच्या घरात ते अजून कुणालाच जमलेलं नाही. तो बिचारा हसला, आणि मग त्याने वाफेचं बटण दाखवलं. मग इन्व्हर्टर. इन्व्हर्टर म्हणजे लाइट गेल्यावरही मशीन चालतं असा आमच्या ह्यांचा दोन दुकानं होईपर्यंत समज होता. प्रत्यक्षात मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो, आवाज कमी येतो आणि वीज वाचते एवढाच त्याचा अर्थ, लाइट गेली की ते इतर मशीनसारखंच गप्प बसतं.

नंतर आला किलोचा प्रश्न. साडेसहा, सात, आठ, नऊ. आता आपण कपडे कधी किलोवर मोजलेत का? मी मोजले. विमानाच्या बॅगेसाठी घेतलेला तो आकड्याचा काटा होता, त्याला कपड्यांचं गाठोडं लटकवायचं आणि हात थरथरेपर्यंत वर धरायचं. नवऱ्याची जीन्स 700 ग्रॅम, डबल बेडची चादर किलोभर, आईने दिलेली सोलापुरी चादर सव्वा किलो, आणि माझे सगळे कुर्ते मिळून तिच्याहून कमी. तीन दिवसांचे दोघांचे कपडे सव्वाचार किलो भरले. म्हणजे साडेसहाचं पुरे ना? तर नाही. कारण त्या आकड्याखाली बारीक अक्षरात मेख असते. पुढून उघडणाऱ्या मशीनवर लिहिलेला आकडा सुती कपड्यांच्या प्रोग्रामचा असतो, सिंथेटिक लावले की तो साधारण निम्म्यावर येतो आणि लोकरीचं तर विचारूच नका. शिवाय ड्रम गच्च भरला तर कपडे आपटायला जागाच राहत नाही, नुसते भिजून बाहेर येतात. सासूबाई म्हणाल्या आठ घ्या, आम्ही येऊ तेव्हा ब्लँकेट धुता येतील. म्हणजे ब्लँकेट धुवायलाच येणार आहेत की काय असं मला वाटलं, पण मी ते बोलले नाही. सातवर तडजोड झाली.

विश्वासार्ह कुठलं हे विचारायला गेलं की प्रत्येकाकडे एकच मशीन असतं, स्वतःचं, आणि त्यावरून तो अख्ख्या कंपनीचा निकाल लावतो. ऑफिसातला एक म्हणतो आमचं अकरा वर्षं झाली, हात लावलेला नाही, डोळे मिटून घे. त्याच कंपनीचं नाव काढलं की समोरची म्हणते बाई गं, तिसऱ्याच वर्षी आतला सर्किट बोर्ड गेला, सात हजार! आता काय करायचं? दोघंही खरंच बोलत असतात.

शेवटी कामाची माहिती दोनच माणसांकडून मिळाली. एक मावशी. त्या पाच घरांत काम करतात आणि पाचही घरांतली मशीन रोज त्याच लावतात. एवढा अनुभव दुकानातल्या मुलाला असणं शक्यच नाही, त्याने मशीन कधी ओलं बघितलेलंच नसतं. मावशींनी फरशी पुसता पुसता ऐकवलं की पुढून उघडणाऱ्याच्या तोंडाला जो रबर असतो ना, त्याच्या घडीत पाणी साचतं, मोजे अडकतात, काळं बुरसं धरतं आणि मग धुतलेल्या कपड्यांना वास मारतो. दार उघडं ठेवायचं आणि रबर पुसायचा, पण लोक ठेवत नाहीत, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. वरून उघडणाऱ्यात विसरलेला शर्ट मधेच टाकता येतो, पण कपड्यांचा गुंता होतो आणि पाणी दुप्पट पितं. आणि एका घरी खालून उंदीर शिरून वायरी खाल्ल्या, म्हणून खाली जाळी आहे का बघा. उंदरांचा विषय एकाही दुकानात कुणी काढला नव्हता.

दुसरे म्हणजे सिंहगड रोडवरचे एक दुरुस्तीवाले काका. दुकान म्हणजे एक शटर आणि त्याच्या बाहेर उघडी पडलेली मशीनं, कुणाचं पोट फाडलेलं, कुणाचं तोंड काढलेलं. मी त्यांना भाबडेपणाने म्हटलं, काका, मोटरवर 10 वर्षं वॉरंटी देतायत.

ते स्क्रू पिरगाळता पिरगाळता म्हणाले, "ताई, मोटर जातच नाही, म्हणून तर देतात."

मग जातं काय? तर बोर्ड जातो, पाणी फेकणारा पंप जातो, पाणी घेणारा व्हॉल्व्ह अडकतो, बेअरिंग वाजायला लागतं. आणि बऱ्याच मशीनमध्ये बाहेरचं टब आता जोडून सीलबंदच येतं, त्यामुळे चारशे-पाचशेच्या बेअरिंगसाठी अख्खं टब बदलायला सांगतात. त्यांनी एक हीटरची कांडी दाखवली. आधी मला ती कुरडई वाटली. पांढरा, खडबडीत, बोटभर जाड थर. "बोअरचं पाणी," काका म्हणाले, "कंपनी कुठली ते नंतर विचारा, पाणी कुठलं ते आधी सांगा."

आमचं पाणी सगळीकडचं आहे. थोडं कॉर्पोरेशनचं, बाकी बोअर आणि टँकर, आणि उन्हाळ्यात ह्यांचं प्रमाण कोण ठरवतं ते सोसायटीच्या सेक्रेटरींनाही ठाऊक नाही. बादलीत साबण टाकला तर फेस यायच्या आधी पाण्यावर दह्यासारखं काहीतरी तरंगतं, म्हणजे जडच. काका म्हणाले मग क्षार काढायची पावडर दर एक-दोन महिन्यांनी चालवा, आणि तुम्ही वरच्या मजल्यावर का? मग प्रेशर बघा.

प्रेशर! टाकी आमच्या डोक्यावरच, त्यामुळे तळमजल्यावाल्यांकडे धबधबा आणि आमच्याकडे करंगळीएवढी धार. पाण्याचा दाब बारमध्ये मोजतात, उंचीच्या दर 10 मीटरला साधारण 1 बार, आणि एका मॅन्युअलमध्ये कमीत कमी 0.3 बार मागितलेलं, म्हणजे टाकी नळाच्या निदान 3 मीटर वर हवी. नवरा टेप घेऊन गच्चीवर गेला. वॉचमनला वाटलं टॉवर बसवतायत, त्याने खालून शिट्टी मारली. टाकीचा तळ नळापासून साडेतीन मीटर भरला, आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

आता निर्णय जवळ आला होता. पाणी जड, प्रेशर काठावर, बजेट वीस, म्हणजे टॉप लोड. गरम पाण्याचा हीटर नको, वाकायला नको, दीड-दोन तास थांबायला नको. मॉडेल ठरलं, ऑफर ठरली, फक्त पैसे भरायचे होते. तेवढ्यात नवऱ्याला सहज म्हणून ड्राय बाल्कनीचं माप घ्यायची बुद्धी झाली.

पुण्यात ज्यांनी फ्लॅट घेतलाय त्यांना ड्राय बाल्कनी म्हणजे काय ते सांगायला नको. स्वयंपाकघराच्या मागे तीन बाय पाचची ती जागा, जिच्यात सिलिंडर, झाडू, डस्टबिन, कांद्याची टोपली आणि बिल्डरने प्रेमाने बसवून दिलेली कडप्प्याची फळी. आमचा कडप्पा जमिनीपासून बरोब्बर चार फुटांवर. टॉप लोडचं झाकण उघडल्यावर उंची होते जवळजवळ साडेचार फूट. म्हणजे मशीन कडप्प्याखाली सुखाने बसतं, फक्त उघडत नाही.

आम्ही दोघं तिथे उभे राहून बराच वेळ त्या कडप्प्याकडे बघत होतो. काढून टाकू म्हटलं तर भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांचं बाथरूम, आणि त्या भिंतीला हात लावला तर गळती कुणाची ह्यावर आमच्या सोसायटीत आधीच दोन घरं बोलत नाहीत. शिवाय कडप्प्यावर आईच्या लोणच्याच्या चार बरण्या. साडेसात आठवडे, दोन दुकानं, काका, मावशी, गच्ची, काटा, सगळं एकीकडे आणि तो दगड एकीकडे. फ्रंट लोड घेतलं. सात किलो, एकोणतीस हजार, वर स्टँड, नळाचा अडॅप्टर, जादा पाइप आणि पावडर, आणि बिलावरचा 18 टक्के जीएसटी बघून मी कुरकुरले तर बाबा फोनवर म्हणाले, 2018च्या जुलैपर्यंत 28 होता, गप बस. आणि हो, गाणं वाजतं.

मशीन शुक्रवारी आलं. आणणारे दोघं म्हणाले डेमोवाला सोमवारी येईल, तोपर्यंत चालू करू नका. घरात आठवड्याचं धुणं साठलेलं. चालू करू नका म्हणजे काय, पाइप तर दोनच आहेत, नळाला एक आणि नहाणीत एक, ह्यात इंजिनिअर कशाला लागतो, असं मी म्हणाले. मीच म्हणाले, कबूल आहे.

रविवारी सकाळी लावलं. पाणी घेतलं, कपडे गोल फिरले, आम्ही दोघं काचेसमोर मांडी घालून चहा घेत बघत बसलो. तासाभराने मी आमटीला फोडणी द्यायला उठले, नवरा डस्टबिनची पिशवी बदलायला आत बाल्कनीत गेला, आणि मशीनने पिळायला घेतलं.

आधी वाटलं टेकडीवर सुरुंग लावलाय. मग बरण्या वाजल्या. मग ते 65 किलोचं धूड स्टँडवरून उतरलं आणि चालायला लागलं, खरंच चालायला लागलं, थडथडथड करत दाराकडे, आणि आमचं बाल्कनीचं दार आतल्या बाजूला उघडतं, त्यामुळे ते दार मशीनने ढकलून बंद करून टाकलं आणि त्याला टेकून नाचत राहिलं. नवऱ्याने कसंबसं बटण बंद केलं. नवरा आत, मशीन मधे, मी बाहेर. दार चार बोटं उघडत होतं.

त्याच वेळी समोरच्या विंगमधल्या काकू त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. ग्रिलला पाठ लावून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला त्यांनी विचारलं, "नवीन मशीन का हो? चांगलंय का? आम्हालाही घ्यायचंय."

"चांगलंय," तो म्हणाला. दुसरं काय सांगणार.

मावशी आल्यावर त्यांनी फटीतूनच निदान केलं. "मागचे बोल्ट काढले नाय का?" मशीनच्या पाठीत चार लांबलचक बोल्ट असतात, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून तो आवळून ठेवलेला असतो, ते काढल्याशिवाय ड्रम स्प्रिंगवर लटकत नाही आणि पिळतानाचा सगळा धक्का थेट अंगावर येतो. मॅन्युअलच्या चौथ्या पानावर चित्रासकट दिलेलं होतं. मी वॉरंटीचं पान दोनदा वाचलं होतं.

नवऱ्याने फटीतून पाना मागून घेतला आणि ग्रिलला पाय लावून मशीन थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून करत पाऊण तासाने मागे सारलं. बरण्या वाचल्या. सोमवारी डेमोवाला आला, त्याने लेव्हल लावून पाय नीट केले, चार भोकांना प्लॅस्टिकची बुचं मारली आणि बोल्ट माझ्या हातात ठेवले. म्हणाला जपून ठेवा, शिफ्टिंगच्या वेळी परत लावावे लागतील.

ते मी एका पिशवीत घालून घराच्या कर्जाच्या फाइलमध्ये ठेवले. हरवू नये अशी घरात तेवढी एकच जागा आहे. रात्री बाबांना सांगितलं तर म्हणाले, बरोबर केलंस, कर्ज फिटलं की मोठ्या घरात जाल तेव्हा लागतीलच.

"बाबा, अजून एकोणीस वर्षं दहा महिने आहेत."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मागे आई विचारत होती, कव्हर आणलं का म्हणून.

"मग तेवढं टिकेल ना?" बाबा म्हणाले.