लघवीच्या कल्चरच्या तक्रारीला लॅबचं उत्तर

नमस्कार ताई,

सासूबाईंच्या लघवीच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, आम्ही तीन दिवस लावले, शेवटी 'मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्या' एवढाच शेरा दिला आणि वर पुन्हा पैसे मागितले, दुसऱ्या लॅबने मात्र त्याच दिवशी रिपोर्ट दिला, असं तुम्ही लिहिलंय. पैसे मागायला नको होते. मनापासून माफी मागते. फेरतपासणीचा एक रुपयाही घेणार नाही.

मला जास्त लागलेली चूक वेगळीच आहे. बाटली देताना काउंटरवर कुणी काही सांगितलंच नाही. आधी लघवीची जागा पाण्याने स्वच्छ धुवायची, पहिली धार सोडून मधली धरायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही. एप्रिलच्या उन्हात तुम्ही अक्कलकोटहून बाटली पिशवीत घालून आणलीत. पोषक उबेत ई. कोलाय हा जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तीन तासांत एकाचे पाचशेच्या वर! कातडीवरचे जंतूही सोबत वाढतात. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या प्लेटवर तीन-चार जातींची गर्दी दिसली. एकेक जात वेगळी करून बघण्यात पुढचे दोन दिवस गेले, तरी खरा दोषी कोण ते ठरेना. तुम्हाला फोन मात्र त्या दुसऱ्या दिवशीच जायला हवा होता.

दुसऱ्या लॅबने त्याच दिवशी दिलेला रिपोर्ट रुटीनचा, म्हणजे लघवीच्या साध्या तपासणीचा असतो. त्यात पस सेल्स (पू-पेशी) कळतात, जंतूचं नाव नाही. कल्चरमध्ये जंतू ३७ अंशांवर १८ ते २४ तास वाढवावेच लागतात. मॅकॉन्की नावाच्या खाद्याच्या प्लेटवर ई. कोलाय गुलाबी उगवतो, क्लेब्सिएला हा जंतूही गुलाबीच पण शेंबडासारखा चिकट, प्रोटियस या जंतूला रंगच येत नाही. पुढे सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे कुठलं औषध लागू पडतं ते बघायला, आणखी एक दिवस: औषधाच्या चकत्यांभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो. नाव अंदाजाने लिहिलं तर काय होतं सांगते. एन्टेरोकॉकस या जंतूवर सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक औषधं मुळातच चालत नाहीत. त्याच्या जागी ई. कोलाय लिहून मोकळी झाले असते, तर सासूबाईंनी आठवडाभर नुसत्याच गोळ्या गिळल्या असत्या आणि जळजळ तशीच राहिली असती.

या वेळी शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. मी स्वतः सासूबाईंना समजावून सांगेन. घरूनच आणायचा असेल तर बर्फाच्या डब्यात ठेवून आणा. अँटिबायोटिक सुरू झालं असेल तर ते मनाने थांबवू नका, कुठली गोळी कधीपासून चालू आहे तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या.